बोर्डावरचा नंबर वेगळा, बँकेचा वेगळा

प्रश्न : तासगावात आमचा बेदाण्याचा धंदा आहे. माझा नंबर बोर्डावर, बिलबुकावर, फेसबुकवर सगळीकडे आहे. परवा कुरिअरवाला म्हणून एकाचा फोन आला. पत्ता सापडत नाही म्हणाला आणि *401* लावून पुढे एक नंबर डायल करायला सांगितला. मी केला. तेव्हापासून मला फोनच येईनात. नंबर लपवायचा तरी कसा? – एक वाचक

उत्तर : तुमचे फोन सध्या त्या भामट्याकडे वळताहेत. *401* आणि पुढे दहा आकडी नंबर हा कॉल फॉरवर्डिंगचा कोड आहे. काही कंपन्यांत तो *21* ने सुरू होतो. यात एसएमएस वळत नाहीत, कॉल वळतात. म्हणून हे भामटे तुमच्या नंबरवर व्हॉट्सॲप उघडायला घेतात आणि पडताळणीचा कोड फोनवरून मागवतात. तो फोन त्यांनाच जातो. मग तुमच्याच नावाने गिऱ्हाइकांकडे पैसे मागणं सुरू.

आधी ##002# डायल करा. त्याने सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं. तरी फोनच्या कॉल सेटिंगमध्ये शिरून कुठला अनोळखी नंबर राहिलाय का ते बघाच. मग व्हॉट्सॲपच्या ‘अकाउंट’मध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. त्यात तुम्ही ठरवलेला सहा आकडी पिन माहीत असल्याशिवाय नुसत्या कोडवर कुणालाही आत शिरता येत नाही. खातं आधीच गेलं असेल तर आपल्या फोनवर पुन्हा नोंदणी करा, म्हणजे समोरचा बाहेर पडतो. मात्र त्याने स्वतःचा पिन लावला असेल तर सात दिवस थांबावं लागतं. तोवर गिऱ्हाइकांना दुसऱ्या नंबरवरून सावध करा. पैसे गेले असतील तर बाकी सगळं सोडून लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

नंबर लपवून बेदाणा विकला जाणार नाही. तेव्हा बोर्डावरचा नंबर राहू द्या, बँक आणि आधारसाठी मात्र दुसरं सिम घ्या आणि तो नंबर कुणालाच देऊ नका. यूपीआय आयडीत मोबाईल नंबर दिसत असेल तर ॲपमध्ये नंबर नसलेला आयडी तयार करून त्याचाच क्यूआर गल्ल्यावर लावा.

प्रश्न : जुनं सिम बंद करतोय. काही धोका? – एक वाचक, मिरज

उत्तर : आहे. बंद झालेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे जातात. आधी बँक, आधार, गॅस, ईमेल सगळीकडे नंबर बदला. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत तेही बघा. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच ‘माझा नाही’ म्हणून कळवता येतं.