व्हरमाँटच्या पहिल्या हिवाळ्यासाठी लाकूड

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टमध्ये पुण्याहून अमेरिकेतल्या व्हरमाँटला येताय, भाड्याचं घर जुनं आहे, ते मुख्यतः लाकडाच्या स्टोव्हवरच तापतं आणि सोबत तीन वर्षांची मुलगी आहे. लाकूड किती घ्यायचं, कसं रचायचं आणि आल्यावर घेतलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. ऑगस्टमध्ये घेतलेलं ओलं लाकूड त्याच हिवाळ्यात जाळता येत नाही. ते निदान आदल्या एप्रिल-मेमध्ये फोडून रचलेलं असावं लागतं. ओकचं असेल तर दोन वर्षं धरा.

आम्ही हे माहीत नसताना आलो. सप्टेंबरमध्ये ट्रकभर लाकूड घेतलं. विकणारा म्हणाला, वाळलेलं आहे. जानेवारीत बाहेर उणे २५ आणि स्टोव्हमध्ये लाकूड नुसतं चुरचुरतंय, टोकांतून फेस येतोय, दाराची काच काळी झालीये. ताज्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. आधी ते उकळून जाणार, मग खोलीला ऊब मिळणार. वर तो गार, दमट धूर धुराड्यात डांबरासारखा थर धरतो. त्याला इथे क्रिओसोट म्हणतात. तो पेटला तर धुराड्यातच आग लागते. आमच्या धुराड्यातला थर पाहून साफ करणाऱ्याने तेव्हाच स्टोव्ह बंद करायला लावला. मूल घरात असताना ते दिवस कसे काढले ते मी विसरलेले नाही, म्हणून एवढं लांबण लावतेय.

तेव्हा पहिल्या वर्षासाठी भट्टीत वाळवलेलं लाकूड किंवा भुशाच्या दाबलेल्या विटा घ्या. महाग पडतील, तरी घ्या. त्याच वेळी पुढच्या वर्षाचं ओलं लाकूड मागवून रचून टाका, ते स्वस्त मिळतं. धुराडं शेवटचं कधी साफ केलं आणि तेलाची किंवा गॅसची दुसरी सोय चालू आहे का, हे घरमालकाकडून लेखी घ्या.

माप कॉर्डमध्ये असतं. ४ फूट रुंद, ४ फूट उंच, ८ फूट लांब अशी रचलेली रास, म्हणजे १२८ घनफूट. 'फेस कॉर्ड' म्हणाले तर सावध राहा, ती एकाच ओंडक्याच्या लांबीइतकी जाड रांग असते, पुऱ्या कॉर्डचा साधारण तिसरा हिस्सा. आमच्या घराला हिवाळ्यात ५ कॉर्ड लागतात. मेपल, बीच, अ‍ॅश ही इथली चांगली लाकडं. लाकूड जवळपासचंच घ्या, दुसऱ्या राज्यातून आणू नका. अ‍ॅशची झाडं मारणारा किडा अशा लाकडातूनही पसरतो आणि २०१८ पासून तो व्हरमाँटमध्येही आहे.

आता रचणं. इथे आपली कोकणातली सवय आड येते. माझ्या माहेरी आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या, आधी लाकूडफाटा मांगरात भरायचा आणि पावसाचा थेंब लागू द्यायचा नाही, हे डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून पहिल्या वर्षी मी सगळी रास ताडपत्रीने जमिनीपर्यंत गुंडाळली. आतली वाफ आतच राहिली आणि लाकडांवर बुरशी आली. तिकडे आपण वाळलेलं लाकूड जपतो, इथे ओलं वाळवायचं असतं, आणि त्याला झाकण्यापेक्षा वारा जास्त लागतो. फक्त माथ्यावर पत्रा टाका, बाजू उघड्या ठेवा.

खाली लाकडी पॅलेट, म्हणजे माल ठेवायची फळ्यांची चौकट, घाला, लाकूड मातीला टेकू देऊ नका. रांग एकपदरी, छातीपर्यंतच उंच, ऊन-वारा मिळेल अशा जागी, भिंतीपासून सुटी. दोन्ही टोकांना ढलप्या आडव्या-उभ्या चौकडीने रचल्या की रास ढासळत नाही. पाणी मुख्यतः कापलेल्या टोकांतून बाहेर पडतं, म्हणून टोकं वाऱ्याकडे ठेवा. आणि फोडल्याशिवाय रचूच नका. बर्चची साल इतकी जलरोधक असते की अख्खा ओंडका आतल्या आत कुजतो.

वाळलं का ते ओळखायला दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. ओल्यांचा आवाज बद्द येतो, सुक्या टणटणतात. टोकांना भेगा दिसतात. पण खात्रीसाठी ओलावा मोजायचं छोटं मीटर घ्याच. ढलपी नव्याने फोडून आतल्या ताज्या बाजूला सुया टोचा. २० टक्क्यांच्या खाली आकडा आला तरच जाळा. विकणाऱ्याच्या दारात हे करायला संकोचू नका.

घरात एक-दोन दिवसांपुरतंच लाकूड आणा, सालीत किडे असतात. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत भरून घरापासून लांब ठेवा. वरून थंड वाटली तरी आत निखारा कित्येक दिवस जिवंत राहतो. धूर आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म झोपायच्या खोलीजवळ हवेतच. मुलीसाठी स्टोव्हभोवती लोखंडी जाळीचं कुंपण येण्याआधीच मागवून ठेवा, कारण स्टोव्हचा पत्रा आपल्या बंबापेक्षा कितीतरी जास्त तापतो.

ऑर्डर देण्याआधी घरमालकाला स्टोव्हची आतली लांबी विचारा. बहुतेक लाकूड १६ इंची कापून येतं, आणि काही जुन्या स्टोव्हमध्ये ते मावत नाही.