बाईंना विचारा : ‘माणूसच वाईट, मग चकणा म्हटलं तर काय बिघडलं?’

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. तुमचं सदर मी पहिल्यापासून वाचते, पण हे पत्र लिहायला चार रात्री लागल्या. आमच्याकडे जेवताना राजकारणावर तावातावाने बोलणं होतं. ज्या नेत्याचा मला मनापासून राग येतो, तो परवा टीव्हीवर बोलत होता. मी म्हटलं, “त्या चकण्याला सरळ काही दिसतच नाही.” सगळे हसले. यांना तर हसता हसता ठसका लागला. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. तिचा डावा डोळा लहानपणापासून तिरळा. शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ सुधारला, तरी ती दमली की तो आत वळतो. ती काही बोलली नाही. ताट उचललं, घासून ठेवलं आणि खोलीत गेली. नंतर मी म्हटलं, “अगं, तुला नव्हतं म्हटलं.” ती म्हणाली, “माहितीये.” तेव्हापासून ती माझ्याशी बोलते, पण माझ्याकडे बघून बोलत नाही. तो नेता स्वतः विरोधकांच्या दिसण्यावर घसरतो. अशा माणसाला त्याच्याच भाषेत सुनावलं तर काय चुकलं? आणि मुलीला आता काय सांगू?
एक आई

उत्तर : ताई, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते. नेत्याचं उत्तर चार दिवस उशिरा मिळालं तरी चालेल, लेकीचं नाही.

तुम्ही तिला म्हटलं नव्हतं हे तिला ठाऊकच होतं. तिला लागलं ते निराळं. डोळा तिरळा म्हणजे अक्कलही वाकडी, हा विनोद तिच्याच घरात, तिच्या आईच्या तोंडून झाला आणि तो कुणालाही समजावून सांगावा लागला नाही. एका क्षणात सगळ्यांना कळला. म्हणजे आपल्या माणसांच्या मनातही हे आधीपासून आहे, एवढं तिने त्या हसण्यातून ओळखलं. शाळेत कुणी चिडवलं असतं तर घरी येऊन तिने तुम्हाला सांगितलं असतं. या वेळी सांगायला कुणाकडे जाणार?

तेव्हा खुलासा करत बसू नका, माफी मागा. ती एकटी असताना, हातातलं काम बाजूला ठेवून. “मी चुकले. मला त्याच्या बोलण्याचा राग होता आणि तो मी डोळ्यावर काढला. डोळ्याचा काही दोष नव्हता.” एवढं पुरे. त्यापुढे “तू तर किती गोड दिसतेस” असं जोडायचा मोह होईल. तो आवरा. तसं म्हटलंत की विषय पुन्हा दिसण्यावरच येतो, आणि तिला वाटतं की आई आता भरपाई करतेय. ती लगेच काही बोलणार नाही. न बोलू दे. मात्र सगळे हसले तेव्हा जी माणसं ताटावर होती, त्यांच्यासमोरही एकदा हे बोला. हसणं सगळ्यांसमोर झालं होतं. तिच्या बाबांनाही काही म्हणायचं असेल तर त्यांनी स्वतः म्हणावं, तुम्ही त्यांच्या वतीने नको.

प्रत्येक डोळा फिरवायला सहा स्नायू असतात. त्यांचा मेळ बसला नाही की दोन डोळे दोन दिशांना जातात. त्या सहा स्नायूंचा कुणाच्या सचोटीशी काडीचाही संबंध नाही. हे आपल्याला माहीत असतं, तरी ‘चकणा’ म्हणताना जीभ अडखळत नाही, कारण भाषेने हे शब्द आपल्याला तयार करूनच दिलेत. टकल्या, बुटक्या, काळ्या, जाड्या, बोबड्या. राग आला की हात आपोआप त्या फडताळाकडे जातो.

आता तुमचा पहिला प्रश्न. त्याच्याच भाषेत का बोलू नये? इथे मला माझी एक गोष्ट सांगायलाच हवी. मी तीस वर्षं मुलांना वादविवादासाठी तयार केलं आणि पुष्कळ स्पर्धांत परीक्षक म्हणून बसले. अशाच एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मतदानाच्या वयावर वाद रंगला होता. विरोधी बाजूची मुलगी उंचीने फारच लहान. माईक खाली ओढून घ्यावा लागला होता तिला. तिच्यानंतर उठलेला मुलगा म्हणाला, “ताईंचे मुद्दे मला दिसले नाहीत, कारण ताईच दिसल्या नाहीत.” सभागृह कोसळलं. टाळ्या थांबेनात. मुलगी उत्तराला उभी राहिली तेव्हा तिच्या हातात तीन कार्डं होती. पहिलं वाचलं, दुसरं अर्धं वाचलं, तिसरं तसंच घडी घालून मुठीत धरलं आणि खाली बसली. मी त्या मुलाला हजरजबाबीपणासाठी दहापैकी नऊ गुण दिले. तो जिंकला.

त्याने तिच्या एकाही मुद्द्याला उत्तर दिलं नव्हतं, हे मला रात्री घरी गेल्यावर माझी टिपणं चाळताना दिसलं. त्याच्या नावासमोर ‘खंडन’ या रकान्यात मी काहीच लिहिलेलं नव्हतं, कारण लिहिण्यासारखं काही घडलंच नव्हतं. त्या तिसऱ्या कार्डावर काय होतं ते मला आजही माहीत नाही. तेव्हापासून दिसण्यावरची कोटी ऐकली की मी आधी तो रकाना बघते.

तुमच्या त्या वाक्यानंतर तुमच्या घरीही हेच झालं असणार. तो नेता टीव्हीवर काय बोलत होता, त्यातलं नेमकं काय घातक होतं, यावर पुढे कुणी बोललं का? तुमच्या पत्रातही त्याचं एकही विधान नाही, फक्त डोळा आहे. तुमचा राग खरा असेल, मी तो खरा मानते, पण तुम्ही त्याला फुकटात सोडून दिलंत. तो विरोधकांच्या दिसण्यावर बोलतो, ही टीका करण्याजोगी गोष्ट आहे आणि करायलाच हवी. कधी बोलला, कुणाला बोलला, तेव्हा कोणता प्रश्न टाळत होता, हे मांडा. तुम्हीही तेच केलंत तर उद्या हे बोट दाखवायचा तुमचा हक्क गेला.

कॅनडातला १९९३ सालचा एक प्रसंग आठवतो. ज्याँ क्रेतिएन हे विरोधी पक्षाचे नेते. तरुणपणी झालेल्या आजाराने त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली होती, बोलताना तोंड वाकडं व्हायचं. निवडणुकीच्या ऐन धामधुमीत सत्ताधारी प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पक्षाने एक जाहिरात काढली. क्रेतिएन यांच्या चेहऱ्याची अगदी जवळून घेतलेली छायाचित्रं आणि मागून आवाज, की असा माणूस पंतप्रधान झाला तर मला लाज वाटेल. लोक इतके संतापले की पंतप्रधान किम कॅम्पबेल यांना ती मागे घ्यावी लागली. क्रेतिएन चिडले नाहीत. लहानपणी मुलं मला हसायची, मी ते स्वीकारलं, देवाने मला दुसरे गुण दिले, अशा अर्थाचं ते बोलले. १९८८ मध्ये १६९ जागा जिंकलेला तो पक्ष या निवडणुकीत दोन जागांवर आला. हे सगळं एका जाहिरातीने झालं असं मी म्हणणार नाही. मंदी होती, नव्या कराचा राग होता, पक्षाचे मतदार दोन नव्या पक्षांकडे गेले होते. पण ती जाहिरात बघताना ज्यांच्या घरात कुणाचं तोंड वाकडं होतं, कुणाचा हात थरथरत होता, त्यांना कसं वाटलं असेल, हे तुम्हाला आता कुणी सांगायला नको.

प्रश्न : बाई, मी पहिल्यांदाच निवडणूक लढवतेय. माझं वजन जास्त आहे. सभेत प्रतिस्पर्धी म्हणाले, “आधी स्वतःचं आवरा, मग गावाचं आवरा.” मी गप्प बसले. कार्यकर्ते म्हणतात, तोडीस तोड उत्तर द्यायला हवं होतं. दुसरे म्हणतात, दुर्लक्ष कर. काय करू?

उत्तर : पोरी, दोन्ही सल्ले अर्धे आहेत.

दिसण्याचा मतांवर काही परिणाम होत नाही, अशी खोटी समजूत मी काढणार नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातले अलेक्झांडर टोडोरोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केलं. अनोळखी उमेदवारांच्या चेहऱ्यांची जोडी दाखवायची आणि यातला जास्त कर्तबगार कोण वाटतो ते विचारायचं. अमेरिकी सिनेटच्या सुमारे सत्तर टक्के लढतींत लोकांनी निवडलेला चेहराच प्रत्यक्षात जिंकलेला होता. तेव्हा नुसतं दुर्लक्ष केलं की टोमणा आपलं काम करत राहतो. बाईच्या बाबतीत तर जास्तच. २०१७ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे आणि स्कॉटलंडच्या फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख, निकोला स्टर्जन भेटल्या. विषय होता ब्रेक्झिट, म्हणजे ब्रिटनचं युरोपीय संघातून बाहेर पडणं, आणि स्कॉटलंडचं भवितव्य. एका ब्रिटिश दैनिकाने पहिल्या पानावर मथळा दिला तो दोघींपैकी कुणाचे पाय सरस यावर. ती तर वरकरणी स्तुती होती! स्तुती असो की टोमणा, दोघींनी टेबलावर काय मांडलं ते मागे पडलं.

तोडीस तोड उत्तराचं म्हणशील तर अष्टावक्राची गोष्ट आठव. आठ ठिकाणी वाकलेलं शरीर घेऊन तो जनकाच्या सभेत आला, पंडित हसले. तोही हसला आणि म्हणाला, मला वाटलं ही ज्ञानी लोकांची सभा आहे, हे तर कातडं पारखणारे निघाले. गोष्ट मी कित्येक वर्षं वर्गात टाळ्या घेत सांगितली. मग एका विद्यार्थ्याने तास संपल्यावर थांबून विचारलं, “बाई, कातडं पारखणाऱ्यांनी त्याचं काय वाईट केलं होतं? आमच्याकडे तेच काम करतात.” मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून ही गोष्ट त्याच्या प्रश्नासकट सांगते. आपल्या चपखल उत्तराचा फटका सभेत मागे बसलेल्या तिसऱ्याला बसत नाही ना, हे तोंड उघडण्याआधी बघायचं.

मग बोलायचं काय? एकदाच बोल, थोडक्यात, आणि लगेच विषयावर ये. “साहेब माझ्या वजनाबद्दल बोलले. मी पाण्याबद्दल विचारलं होतं. प्रश्न पुन्हा विचारते.” आणि खरोखर तोच प्रश्न शब्दही न बदलता विचार. आवाज चढवू नकोस. घरी आरशासमोर दहा वेळा म्हणून बघ, कारण सभेत गळा दाटून येतो, तेव्हा पाठ असलेलं वाक्यच कामी येतं. शिवाय आपल्या निवडणूक आयोगाच्या आदर्श आचारसंहितेत लिहिलंय की दुसऱ्या पक्षांवरची टीका धोरणं, कार्यक्रम, पूर्वीची कामगिरी आणि काम यांपुरती असावी. तो कागद पिशवीत ठेव. आणि तुझ्या कार्यकर्त्यांनी प्रतिस्पर्ध्याच्या टकलावर घोषणा तयार केली असेल, तर ती आजच बंद कर.

प्रश्न : मी हौशी व्यंगचित्रकार आहे. तुमचं ऐकायचं तर नेत्याचं नाकही मोठं काढायचं नाही का? मग व्यंगचित्र कसलं?

उत्तर : काढा की. चेहरा ओळखू यायला तो थोडा ताणावाच लागतो. १८३१ मध्ये शार्ल फिलिपोँ या फ्रेंच व्यंगचित्रकाराने पॅरिसच्या न्यायालयात फ्रान्सचा राजा लुई फिलिप याचा चेहरा टप्प्याटप्प्याने चार चित्रांत बदलत नेला, शेवटी त्याचं नाशपाती हे फळ झालं. त्याला तुरुंगात जावं लागलं, पण नाशपाती भिंतीभिंतींवर उमटली. राजाचे गाल तसे होते म्हणून त्याला ते फळ सुचलं, हे खरं. मात्र भिंतीवर ते काढणाऱ्यांचा राग गालांवर नव्हता, छापखान्यांवर खटले भरणाऱ्या सत्तेवर होता. त्यामुळे त्या चित्राचा अर्थ राजाच्या चेहऱ्यापाशी संपत नव्हता.

मराठीत ‘व्यंग’ म्हणजे शरीरातली उणीव, आणि चित्राचं नावही त्याच शब्दावरून पडलंय. म्हणून तुमच्या हाताला जरा जास्त जपावं लागेल. माझ्याकडे पाठवलेल्या तिन्ही चित्रांत नाक मोठं आहे. पहिल्यात तो नेता त्या नाकाने दुसऱ्याच्या घराच्या खिडकीत वास घेतोय, पाळत ठेवण्याचा आरोप त्यात दिसतो. ते मला आवडलं. उरलेल्या दोन चित्रांत नुसतं नाक आहे. ती पुन्हा काढा, नेहमीच्या आकाराच्या नाकाने. विनोद शिल्लक राहिला तर संपादकांकडे द्या.