घरातले रातकिडे आणि बागेतले नाकतोडे ओळखायचे कसे?

तुमचे प्रश्न दोन. बाथरूममध्ये रात्रभर किरकिरणारा तपकिरी किडा आणि ट्यूबलाइटपाशी येऊन बसणारा हिरवागार ‘नाकतोडा’ एकाच गोतातले का? आणि त्या तपकिरीच्या शेपटीला दिसलेली नांगी डसते का?

आधी नांगीचं सांगतो, कारण मीही एकदा तिला घाबरून झाडू घेऊन धावलो होतो. ती नांगी नव्हेच. रातकिड्याच्या मागे दोन बारीक काटे नर-मादी दोघांनाही असतात. त्यांच्या मधोमध तिसरी लांब सुई दिसली तर ती मादी. त्या सुईने ती ओलसर मातीत किंवा फटीत अंडी घालते, डसत नाही. आता गंमत बघा. रातकिड्यांत किरकिरतो फक्त नर, पंखावर पंख घासून. म्हणजे तुम्ही पाहिलेली सुईवाली रात्री गात नव्हती. गवई दुसराच आहे, बहुधा मोरीच्या जाळीखाली.

फिकट तपकिरी अंग, त्यावर गडद आडवे पट्टे आणि मादीला पंख जवळजवळ नाहीतच, असं असेल तर तो घरात सर्रास आढळणारा पट्ट्यांचा रातकिडा. झुरळाचं पिल्लू समजून लोक त्याला चपलेखाली घेतात. मागच्या पायाची जाडजूड मांडी पाहिली की घोटाळा होत नाही. काळाकुळकुळीत, पंखांच्या मुळाशी दोन पिवळसर ठिपके असलेला दिसला, तर तो बाहेरचा. दगड-विटांखाली राहतो, चुकून घरात शिरतो.

आता हिरवा. इथे रंगावर जाऊ नका, मिशा बघा. मिशा केसासारख्या बारीक आणि अंगापेक्षा लांब असतील तर तो रातकिड्याचा भाऊबंद, इंग्रजीत कॅटिडिड म्हणतात तो. पंख हुबेहूब पानासारखे, शिरांसकट. मिशा आखूड आणि जाडसर असतील तर खरा नाकतोडा. पंख न फुटलेल्या पिल्लांनाही हीच खूण चालते. कानांचीही तीच वाटणी: रातकिडा आणि कॅटिडिड यांचे कान पुढच्या पायांत, गुडघ्याच्या जरा खाली, तर नाकतोड्याचे पोटाच्या बाजूला, पंखाखाली. ट्यूबलाइटवर येणारा तुमचा पाहुणा बहुतेक कॅटिडिडच. चावायला येत नाही, पण मोठा असला आणि मुठीत दाबलात तर चिमटा काढू शकतो.

बागेत तुळशीची पानं कुरतडलेली दिसली तर निमुळत्या, टोकदार तोंडाचा हिरवा नाकतोडा शोधा. मोठ्या मादीच्या पाठीवर छोटा नर बसलेला असतो; लोकांना ती आई आणि पिल्लू वाटतात! रस्त्याकडेच्या रुईवर पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा देखणा नाकतोडा दिसेल, त्याला मात्र हात लावू नका. रुईचं विष अंगात साठवतो आणि डिवचलं तर तोच द्रव फवारतो. एखादा कुंडीत दिसला म्हणून टोळधाड आली असं समजायचं कारण नाही. २०२० च्या मे महिन्यात अमरावती-वर्ध्याकडे उतरले ते वाळवंटी टोळ, त्यांची जात वेगळी.

पहिल्या पावसानंतर दिव्याखाली मखमली अंगाचा, फावड्यासारख्या पुढच्या पायांचा किडा धडपडताना दिसला तर तोही रातकिडाच, माती उकरणारा. आणि एप्रिल-मेमध्ये घाटात भर दुपारी कान किटवतो तो सिकाडा. तो यांच्यातला नाहीच, झाडाचा रस पितो आणि ढेकणांच्या गणातला आहे.

तुमच्या गवयाला बाहेर काढायचं असेल तर आवाजाच्या रोखाने जाऊ नका, पाऊल वाजलं की तो गप्प होतो. दिवा मालवून दहा मिनिटं थांबा, मग एकदम टॉर्च लावा, वर काचेचा ग्लास उपडा घाला आणि खालून जाड कागद सरकवा. सुईवाली तिथेच आसपास असेल, तिलाही न्या.