हायवेवरच्या मिसळ हॉटेलच्या बोर्डासाठी जाड मराठी फॉन्ट कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की नाव ‘सप्तशृंगी मिसळ’ आहे, बोर्ड आडगावकडे हायवेला लागणारे आणि बोर्डवाला म्हणतोय की सगळ्यात जाड फॉन्ट घ्या, लांबून दिसेल. मी नाशकात बोर्डांचीच डिझाईन करतो म्हणून सांगतो, दिसेल हो, पण वाचता येणार नाही! गाडीतून जाणारा माणूस अक्षर ओळखतो ते आतल्या पोकळीवरून, ती बुजली की नुसता काळा पट्टा उरतो.

तुमच्याच नावातलं शृं बघा ना, वर अनुस्वार, खाली ऋकार, मधे श ची गाठ, सगळं एका अक्षराच्या रुंदीत कोंबायचं, शिवाय मिसळ मधल्या ळ ची दोन वेटोळी. इंग्रजी कॅपिटलला वरखाली काही लटकत नाही म्हणून तिकडे बेबास न्यू या इंग्रजी फॉन्टसारखा ठोकळा खपून जातो. त्यात देवनागरी नाहीच, मराठी टाईप केलं की कॉम्प्युटर गुपचूप दुसराच फॉन्ट लावतो आणि मग आपले लोक कोरलड्रॉ या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला आउटलाइन देऊन फुगवतात, ती आउटलाइन आतल्या बाजूलाही चढते आणि ळ चा लाडू होतो.

मोदक नावाचा फॉन्ट आहे, ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा, इतका गुबगुबीत की पोकळीच्या जागी नुसती फट. मला जाम आवडतो, पण गणपतीच्या बॅनरवर. तुम्ही ‘मुक्ता बोल्ड’ घ्या, किंवा बोर्ड आडवा लांब असेल तर ‘अनेक देवनागरी’ नावाचा फॉन्ट, त्यात जाडीसोबत रुंदीही कमीजास्त करता येते. जागा अरुंद असेल तर ‘तेको’. हे सगळे गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत, धंद्यासाठी वापरले तरी चालतात.

आतून एलईडी लावणार असाल तर एक पायरी बारीक वजन (म्हणजे कमी जाडीचं अक्षर) घ्या, रात्री उजेड पसरून अक्षर आपोआप जाड दिसतं. आणि अक्षरांमधलं अंतर वाढवू नका प्लीज, शिरोरेषा तुटते. इंग्रजी नाव पण टाकणार असाल तर महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही, आणि गंमत अशी की दोन्हीला सारखाच पॉइंट साइज दिला तरी मराठी लहान दिसतं (वरखाली मात्रांना जागा सोडावी लागते ना), तेव्हा पट्टी लावून मोजा.

फायनल करायच्या आधी फक्त ‘शृं’ आणि ‘ळ’ खऱ्या मापात प्रिंट काढून शटरवर चिकटवा आणि रस्त्यापलीकडून बघा. अक्रिलिक कटिंग असेल तर शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो, अनुस्वार तेवढा सुटा राहतो, त्याला मागून दोन स्टड (बसवायचे खिळे) मारायला सांगा, नुसत्या टेपवर ठेवला तर पावसाळ्यात पहिला तोच पडतो.