पाचट गाडलं, मग मका पिवळा का पडला?

दादा, तुम्ही ऊस तुटल्यावर पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांची, कुट्टी करून रोटाव्हेटरने मातीत मिसळली, पंधरवड्यात मका टोकला, आणि आता रोपं तीन-चार पानांवर पिवळी पडून थांबलीत. शेजारी पाचट पेटवलेल्या रानात मका हिरवागार आहे, म्हणून पुढच्या वर्षी आपणही पेटवावं का, असं विचारताय. पेटवू नका. तुमचा मका फक्त लवकर टोकला गेला.

पाचटात कर्ब (कार्बन) 40 टक्क्यांच्या आसपास आणि नत्र (नायट्रोजन) जेमतेम अर्धा टक्का. कुजवणाऱ्या जिवाणू-बुरशींना साधारण 25 भाग कर्बामागे एक भाग नत्र लागतं. पाचटातलं नत्र पुरत नाही, मग हे जिवाणू जमिनीतलं उचलतात आणि कोवळ्या मुळांना काही उरत नाही. बारीक कुट्टी मातीत मिसळली की कुजणं सगळीकडे एकदम सुरू होतं, त्यामुळे ही ओढ आणखी वाढते. नत्र वाया जात नाही. जिवाणू मेले की पिकाला परत मिळतं, पण तोवर मक्याचं वाढीचं वय निघून जातं.

आधी एक रोप मातीसकट खणून काढा. खालच्या पानाचा पिवळेपणा शेंड्यापासून मधल्या शिरेने आत उतरलाय आणि मुळं पांढरी आहेत, तर नत्राचीच कमतरता. एकरी 20-25 किलो युरिया रोपापासून चार बोटं लांब, मातीआड करून द्या. मुळांची टोकं तपकिरी आणि मातीला आंबूस वास असेल तर मात्र खत थांबवा. भारी रानात पाणी साचून हवा कोंडली की कुजणाऱ्या पाचटातून ॲसेटिक आम्लासारखी आम्लं तयार होतात, ती कोवळं मूळ जाळतात. तिथे पाणी तोडा आणि वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण मोकळी झाल्यावर, कोळपणी करा.

एकरी चार टन पाचट धरलं तर त्यात 20 किलो नत्र असतं. पेटवलं की त्यातलं बहुतेक हवेत जातं. खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक, ठेवणार असाल तर पाचट सरीतच राहू द्या. टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कुजवणारं जिवाणू संवर्धन टाका. खोडवा मोडून दुसरं पीक घ्यायचं असेल तर हेच टाकून रान ओलं ठेवा आणि महिना-दीड महिना थांबा. तेवढा वेळ नसेल तर पाचट गाडू नका, ओळींच्या मधे पसरा. वर राहिलेलं पाचट मातीला कमी टेकतं, त्यामुळे नत्राची ओढ बरीच कमी राहते.