आधी चमचा पुरा भरा

पत्र थोडक्यात असं: "पुण्यात धायरीला राहतो, हातात पगार 58 हजार, बचत खात्यात 3 लाख. मुलगी अडीच महिन्यांची, वजन 3.6 किलो, हृदयाच्या पडद्याला छिद्र. वजन वाढलं की ऑपरेशन. बँकेतून तिच्या नावे वर्षाला 1 लाखाची चाइल्ड पॉलिसी घेतली, कागद येऊन 12 दिवस झाले. 18व्या वर्षी 60 लाख मिळणार आहेत. ओढाताणीमुळे पावडरचं दूध 90 मिलिलिटरला तीनऐवजी अडीच चमचे घालून करतो. ऑक्सिजन दाखवणारा स्मार्ट मोजा 42 हजारांना ईएमआयवर घ्यावा का?"

मोजा नको. पण त्या अर्ध्या चमच्याने मला झोप लागली नाही.

दिवसाला अर्धा लिटर दूध धरलं, तर तुम्ही साधारण 55 कॅलरी कमी देताय. महिन्याच्या 1,700. 400 ग्रॅमच्या डब्यात 2,000 असतात. म्हणजे महिन्याला एक डबाही वाचत नाही, आणि पॉलिसीत महिन्याला 8,300 रुपये जातात! हृदयाला असं छिद्र असलेलं बाळ दूध ओढतानाच दमतं, घामाघूम होतं. निरोगी बाळाला किलोमागे शंभर-एकशेदहा कॅलरी पुरतात, अशा बाळाला बहुधा 120 ते 150 लागतात, म्हणजे तुमच्या मुलीला 430 ते 540. पुऱ्या मापाच्या अर्ध्या लिटरातही जेमतेम 335 मिळतात. आजपासून माप पुरं करा आणि दूध दाट करायचं का, हे उद्याच डॉक्टरांना विचारा. मनाने दाट करू नका.

पॉलिसी परत करा. कागद हातात आल्यापासून 30 दिवसांची मुदत असते, तुमचे 18 उरलेत. थोडी वजावट होऊन पैसे परत येतील. वर्षाला 1 लाख भरून 60 लाख व्हायला दरवर्षी 12 टक्के परतावा लागतो. हमीच्या योजना पाच-सहा देतात, म्हणजे निम्मेच. ही पॉलिसी विकणाऱ्याने बाळाचं दुखणं विचारलं तरी का?

कंपनीच्या ग्रुप आरोग्य विम्यात मुलीचं नाव आहे? पत्रात उल्लेख नाही. जन्मानंतर नाव घालायला बहुतेक ठिकाणी महिनाभरच देतात, तरी आजच एचआरला मेल टाका. स्वतंत्र आरोग्य पॉलिसीत आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयविकार येतो; औंधच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्राला भेटा. 3 लाख ऑपरेशनपर्यंत हलवू नका.

घ्यायचाच तर 10 ग्रॅमचा फरक दाखवणारा बाळांचा वजनकाटा घ्या, काही हजारांत येतो. रोज एकाच वेळी, दुधाआधी, कपड्यांशिवाय वजन करून वहीत लिहा. किती दिवसांत किती ग्रॅम वाढलं नाही तर फोन करायचा, तो आकडा डॉक्टरांकडून पहिल्या पानावर लिहून घ्या. ऑक्सिजन घरी मोजायचा का, तेही त्यांनाच विचारा. ओठ निळसर दिसले किंवा दूध घेईनाशी झाली, तर वही बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.