बावन्न पुस्तकांच्या यादीला उत्तर

चि. वाचकबाईंस,
अनेक आशीर्वाद.

वर्षात बावन्न पुस्तकं वाचायची, आठवड्याला एक, अशी तुझी एक्सेलची शीट पोचली, आणि ती कशी वाटते हा तुझा प्रश्नही. माझ्याकडून उघडेना, भाच्याने उघडून दिली. बावन्न ओळी, प्रत्येकीपुढे आठवड्याचा नंबर, त्यापुढे हिरवा-पिवळा-लाल रंग. बघून दोन गोष्टी मनात आल्या. एक, पोरगी कंपनीत काम नेटकं करत असणार. दुसरी, हे होळीपर्यंतसुद्धा टिकत नाही.

रागावू नकोस. तू विचारलंस म्हणून सांगतो. तेहतीस वर्षं देवघेवीच्या टेबलामागे काढली. जानेवारीत आपल्या वाचनालयात नवे वर्गणीदार येतात, नवी कोरी कार्डं घेतात, पहिल्या पंधरवड्यात दोन-दोन जाड पुस्तकं बदलून नेतात. फेब्रुवारीच्या अखेरीला त्यातली बरीचशी कार्डं ट्रेमध्ये तशीच उभी. एकाने तर अनामत मागायला बायकोला पाठवलं होतं, स्वतः यायची लाज वाटली म्हणून.

आधी हिशोब करू. यादीतलं कुठलंही पुस्तक घे आणि घड्याळ लावून मधली दहा पानं वाच. सुरुवातीची नकोत, तिथे उत्साह असतो. समज, वीस मिनिटं लागली. मग अडीचशे पानांना पाचशे मिनिटं. अशी बावन्न पुस्तकं म्हणजे सव्वीस हजार मिनिटं. रोजची एक्काहत्तर, आणि तीही वर्षातला एकही दिवस न चुकवता. गणपती नाहीत, मामेबहिणीचं लग्न नाही, ताप नाही. तू लिहिलंयस की हिंजवडीच्या बसमध्ये अर्धा तास हमखास मिळतो. बसचे दिवस अडीचशे धर. साडेसात हजार मिनिटं झाली. भागाकार तूच कर. पंधरा येतात.

पंधरा पुस्तकं वर्षाला हा आकडा मला गोड वाटतो. त्यातलीही सातच ठरव. आठ जागा कोऱ्या ठेव, कारण चांगली पुस्तकं यादीतून कमी आणि दुसऱ्या पुस्तकातून, दुसऱ्या माणसाकडून जास्त येतात.

आता तुझ्या शीटमधली खरी चूक. प्रत्येक पुस्तकाला सात दिवस दिलेस. शंभर पानांच्या नाटकालाही सात आणि सहाशे पानांच्या चरित्रालाही सात. आमच्या घरी दत्तजयंतीच्या आधी वडील गुरुचरित्राचा सप्ताह करत. बायकांनी त्या पोथीला हात लावायचा नाही ही तेव्हाची रीत, त्यामुळे आई स्वयंपाकघरात उंबऱ्याच्या आत बसून ऐकायची. पण कुठल्या दिवशी कितव्या अध्यायापर्यंत वाचायचं ती वाटणी तिलाच तोंडपाठ होती. नऊ, एकवीस, एकोणतीस, पस्तीस, अडतीस, त्रेचाळीस, आणि सातव्या दिवशी शेवटपर्यंत. नैवेद्याचा भात कधी टाकायचा ते तिला त्यावरून कळायचं. जरा वजाबाकी करून बघ. दुसऱ्या दिवशी बारा अध्याय आहेत आणि पाचव्या दिवशी तीनच. छत्तिसावा अध्याय एकटाच केवढा तरी लांब आहे, म्हणून त्या दिवशी ओझं कमी. ज्याने कुणी ही वाटणी केली त्याने पोथी आधी हातात तोलून पाहिली होती. तू तुझी बावन्न पुस्तकं निदान चाळलीस का? खरं सांग.

ऑडिओबुक मोजायचं का, असंही विचारलंस. आईने ती पोथी जन्मात एकदाही वाचली नाही. कुठल्या अध्यायात काय आहे ते मात्र वडील तिला विचारायचे. तूच ठरव.

मी स्वतः एकदा हा उद्योग केलेला आहे, म्हणून एवढा शहाणपणा. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी ठरवलं की साठ पुस्तकं वाचायची. डायरी आणली, नंबर घातले. ऑक्टोबरात बत्तीसवर होतो. मग काय, एकांकिका, बालनाट्यं, पाककृतींचंसुद्धा एक पुस्तक, जे पातळ दिसेल ते. एकतीस डिसेंबरला रात्री साठावा आकडा घातला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. पुढच्या वर्षी एक शिक्षिका टेबलावर एक कादंबरी घेऊन आल्या. ‘कशी आहे हो?’ म्हणाल्या. मी म्हटलं, ‘बाई, ही काही मी वाचलेली नाही, तुम्हीच वाचून सांगा.’ घरी येऊन सहज डायरी उघडली. एक्केचाळीस नंबरला तीच कादंबरी. माझ्याच अक्षरात. ती डायरी अजून आहे. कधी आलीस तर दाखवीन, पण त्या बाईंना सांगू नकोस.

तेव्हा तुमच्या भाषेत जे चॅलेंज, ते मी वेगळं लावतो. किती वाचलं हा प्रश्नच काढून टाक. आपण काय टाळत आलो, ते शोध, आणि त्यातलं उचल.

ते शोधायला तुला फार कष्ट नाहीत, कारण तुझं जुनं कार्ड मी काल ट्रेमधून काढलं. सहावी ते बारावी. दोन्ही बाजू भरून दुसरं कार्ड जोडलंय, त्याला गंजकी टाचणी. कादंबरी, कादंबरी, रहस्यकथा, कादंबरी, भुताच्या गोष्टी (या काळात तुझी आई येऊन माझ्याशी भांडून गेली होती), पुन्हा कादंबरी. सात वर्षांत कवितांच्या कपाटाकडे एकदाही फिरकलेली नाहीस. विज्ञानाच्या कपाटातलं एकच पुस्तक, तेही दुसऱ्या दिवशी परत. प्रवासवर्णन शून्य. आणि तुझ्या बावन्नांत काय आहे? पुन्हा एकोणचाळीस कादंबऱ्या. म्हणजे बाई, तू वर्षभराचं आव्हान म्हणून जे लिहिलंस, ते तू तसंही करणारच होतीस.

माझ्या मते सात जागा कशाने भरायच्या ते सांगतो. पटलं तर घे.

वर्ष एक जानेवारीला सुरू करू नकोस, पाडव्याला कर. याचं कारण दुर्गाबाई भागवत. ‘ऋतुचक्र’ १९५६ साली आलं, छोटंसं पुस्तक. चैत्रापासून एकेका मराठी महिन्यावर एकेक लेख. लोक ते दोन बैठकांत संपवतात आणि छान आहे म्हणतात. तू तसं करायचं नाहीस. चैत्रात चैत्र वाचायचा, आणि वैशाख लागेपर्यंत पान उलटायचं नाही. बसच्या खिडकीतून जी चार झाडं दिसतात त्यांच्याकडे बघायचं आणि बाईंनी लिहिलंय ते तिथे दिसतंय का ते तपासायचं. कधी दिसेल, कधी हिंजवडीत ते झाडच उरलेलं नसेल. तेही वहीत लिही. इतकं पातळ पुस्तक बारा महिने पुरवणं ही चैन आहे, आणि जलद वाचणाऱ्याला सगळ्यात अवघड. मला स्वतःला दोनदा जमलं नाही, ज्येष्ठातच श्रावण वाचून मोकळा झालो. अधिक महिना आला तर तो उधारी फेडायला ठेव.

प्रवासवर्णनाची भीती घालवायला विष्णुभट गोडसे. पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. घरावर कर्ज, उत्तरेत मोठा यज्ञ आहे, दक्षिणा मिळेल, म्हणून निघाले ते १८५७ साली. नेमक्या त्याच साली. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा हा कोकणातला गरीब ब्राह्मण शहरात अडकलेला होता. ‘माझा प्रवास’ हे नकाशा घेऊन वाचायचं पुस्तक आहे. फोनवर एकेक टिंब लावत जा. महू, ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, चित्रकूट, काशी. पायी चाललेलं अंतर बोटाने मोज. एक लक्षात ठेव, १९०७ची जी आवृत्ती आहे तिच्यावर संपादक चिंतामणराव वैद्यांचा हात फिरलेला आहे. मूळ हस्तलिखिताबरहुकूम मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली छापला. तो मिळवून वाच. भाषा पहिली वीस पानं दाताखाली येईल, पुढे सैल होते.

तुझ्या आजीला आता दिसत नाही असं कळलं. तिसरी जागा तिची. दर रविवारी फोन करतेस ना, त्यातली वीस मिनिटं काढ आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तिला मोठ्याने वाचून दाखव. लक्ष्मीबाईंना लिहा-वाचायला आलं ते लग्नानंतर, नवऱ्याने, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांनी शिकवलं. त्यामुळे त्यांचं वाक्य शाळेत गेलेलं नाही, ते ओसरीवर बसून बोलतं. मनात वाचताना यातलं निम्मं हरवतं. आजी मध्येच थांबवेल, तिला तिची सासू आठवेल, त्या दिवशी दोनच पानं होतील. होऊ देत. वर्षात पुस्तक पुरं झालं नाही तरी तो रकाना हिरवा रंगव, मी परवानगी देतो.

कवितांचा एक संग्रह घे, कुणाचाही, पातळ. महिनाभर उशाशी ठेव आणि रोज एकच कविता, पण दोनदा. विज्ञानाचं एक, निवड तुझी. तू इंजिनिअर असून ते कपाट टाळलंस याचं मला अजून नवल वाटतं. आणि एक असं पुस्तक, जे तू कधीतरी अर्ध्यावर टाकलंस. कुठलं ते मला माहीत आहे, कार्डावर एकाच पुस्तकाची नोंद तीन वेळा आहे आणि तिन्ही वेळा मुदतीआधी परत. या खेपेला पुन्हा टाकलंस तरी चालेल, फक्त वहीत तांबड्या शाईने पान नंबर लिही. टाकलेल्या पुस्तकांची यादी वाचलेल्यांच्या यादीपेक्षा माणसाबद्दल जास्त बोलते.

वही, हं. अॅप नको. अॅप टाळ्या वाजवतं, आणि टाळ्या ऐकायची सवय लागली की आपण पातळ पुस्तकं शोधायला लागतो. हे अनुभवाचं बोलतोय. प्रत्येक पुस्तकाला अर्धं पान दे. आवडलेलं एक वाक्य जसंच्या तसं उतरव, आणि हे पुस्तक कुणाला द्यायचं त्याचं नाव. बाकी समीक्षा वगैरे नको.

आश्विन-कार्तिकात काही ठरवू नकोस. ते दिवस दिवाळी अंकांचे. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला काढला तेव्हापासून मराठी माणसाचं शरदातलं वाचन कुणाच्या यादीत बसलेलं नाही. आपल्याकडे अजून दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी घेतात आणि अंक आले की पेन्शनर मंडळी सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर हजर असतात. अंक मोजायचे का म्हणून विचारू नकोस.

राहिली सातवी जागा. ही मला सगळ्यात जवळची.

ग्रंथपालांचे गुरू रंगनाथन. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. आमच्या कोर्सला ती घोकून घेत. तिसरं सूत्र, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. परीक्षेत लिहिलं, मार्क मिळाले, विसरलो. मग एका मे महिन्यात साठा पडताळणी करताना कपाट रिकामं करत होतो. दाखल रजिस्टर मांडीवर, एकेक पुस्तक उघडून नंबर जुळवायचा. मागच्या पानावर तारखेची चिठ्ठी असते, तुला माहीतच आहे. काही चिठ्ठ्या शिक्क्यांनी काळ्या झालेल्या, वर दुसरी डकवलेली. आणि काही कोऱ्या. पंचवीस-तीस वर्षं कपाटात उभी असलेली, एकदाही कुणी न नेलेली पुस्तकं. डिंक पिवळा पडलाय, चिठ्ठी तशीच पांढरी. काहींची तर पानं वरच्या कडेला कापलेलीसुद्धा नव्हती, फूटपट्टीने कापावी लागली. त्या दिवसापासून वर्षाला एक तरी कोऱ्या चिठ्ठीचं पुस्तक मी घरी नेतो. सगळी चांगली निघतात असं नाही. बहुतेक वाईटच निघतात, लोक काही अगदीच वेडे नसतात. पण एकदा एका बंदरावरच्या कस्टम कारकुनाच्या आठवणी मिळाल्या, स्वतःच्या पैशाने छापलेल्या, आणि त्यात गलबतावर माल कसा चढायचा याची अकरा पानं अशी होती की मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

तुझ्या सातव्या जागेवर असंच काहीतरी हवं. जिथे रेटिंग नाही, कुणाचा अभिप्राय नाही, मुखपृष्ठावर कुणाची शाबासकी नाही. पुस्तक आणि तू. पुण्यात तुला जुनी वाचनालयं हवी तेवढी आहेत, जाऊन मागची पानं उघडत बस. तोवर पहिलं मी पाठवतोय, या पत्रासोबतच आहे. काय आहे ते लिहीत नाही, मीही वाचलेलं नाही. माझ्या नावावर काढलंय. दाखल रजिस्टरप्रमाणे १९८७ सालची खरेदी, किंमत बावीस रुपये. काल चिठ्ठीवर पहिला शिक्का मारला. शाईची गादी वाळली होती, पाणी शिंपडून दोनदा मारावा लागला, म्हणून तारीख जरा दुहेरी दिसतेय.

तुझा,
वाचनालयवाले काका

ता. क. मुदत पंधरा दिवसांची आहे. एकदा नूतनीकरण करून देईन. त्यानंतर दंड, आणि तो तुझ्याकडून घेणार, माझ्या नावावर असलं तरी.